स्वयंसेवकाच्या वतीने बोलायचं कुणी?

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ मधली दोन कलमं एकापाठोपाठ वाचून पाहावीत. कलम ६५ नुसार जिल्हा प्राधिकरण बचावकार्यासाठी लेखी आदेश काढून साधनसंपत्ती, जागा आणि वाहनं ताब्यात घेऊ शकतं. या साधनसंपत्तीत माणसंही येतात, हे त्याच कलमात स्पष्ट केलेलं आहे. लगेचचं कलम ६६ भरपाईचं. जागेसाठी भरपाई आहे, वाहनासाठी चालू भाडेदराच्या हिशेबाने भरपाई आहे आणि रक्कम पटली नाही तर ३० दिवसांत लवाद मागता येतो. माणसाबद्दल तिथे एक शब्दही नाही. दाभोळच्या खाडीतली होडी लेखी आदेशाने चिपळूणच्या पुरात नेली, तर मालक होडीचं भाडं मागू शकतो. ती चालवायला आलेल्या दोघांचा बुडालेला रोज मात्र कुठल्याच रकान्यात बसत नाही.

कुणाच्या वाईट हेतूमुळे हे झालं असं नाही. होडीला मालक असतो आणि तो हक्काने बोलतो. स्वयंसेवक बोलत नाही आणि त्याच्या वतीनेही कुणी बोलत नाही. म्हणून प्रश्न सरळ आहे: स्वयंसेवकांना संघटित प्रतिनिधित्व हवं का, आणि हवं असेल तर ते कुणी करायचं? पहिल्या भागाचं उत्तर माझ्या मते निःसंशय ‘हो’ आहे. खरी अडचण दुसऱ्या भागात आहे.

कोकणात ही गरज जास्त आहे, कारण इथे संकटाचे पहिले काही तास स्थानिकांवरच असतात. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची महाराष्ट्रातली पाचवी बटालियन पुण्याजवळ आहे. पावसाळ्यात तिच्या तुकड्या खाली आणून ठेवल्या, तरी घाटात दरड आली आणि महामार्गावर पाणी चढलं की जवळचं अंतरही पार होत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं आणि त्याच दिवशी महाड तालुक्यात तळियेवर दरड कोसळली. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीतल्या आडव्या पडलेल्या झाडांतून वाट काढायला कोयते-कुऱ्हाडी घेऊन आधी वाडीतलीच माणसं उतरली. १ जूनपासून यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे जुलैच्या पुरात कोळी, भंडारी, दालदी हे दर्यावर्दी घरी असतात. होड्या मात्र शाकारून ठेवलेल्या असतात. त्या सोडवायच्या, टेम्पोवर चढवायच्या आणि पुराच्या पाण्यात उतरवायच्या, हेच अर्ध्या दिवसाचं काम होतं.

डोंगरातही तेच. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस दरीत गेली, तेव्हा महाबळेश्वर-पोलादपूरकडचे ट्रेकर दोर लावून खाली उतरले. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी गाडली गेली. तिथे गाडीरस्ता नव्हता, सगळी मदत चिखलातून चालत वर गेली. त्या चढणीत नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. ते नोकरीत होते, म्हणून त्यांच्या घरच्यांना निदान सेवानियमांचा आधार होता. त्याच पायवाटेने, त्याच अंधारात वर जाणाऱ्या स्वयंसेवकांच्या मागे असा कुठला नियम उभा होता?

‘सेवा करायची तर मागणी कसली?’ हा आक्षेप गावोगावी ऐकू येतो आणि तो मनापासून घेतलेला असतो. गावकीच्या कामाला पैसे घ्यायचे नाहीत, विहीर उपसायला, वणवा विझवायला प्रत्येक घरातून एक माणूस द्यायचा, या रीतीवर कोकणातल्या वाड्या टिकून आहेत. ती रीत मोडावी असं कुणीच म्हणत नाही. पण स्वयंसेवकाची पहिली गरज पैसा ही नाहीच. पहिली गरज आहे नोंदीची. अमुक माणूस अमुक वेळी, अमुक कुणाच्या बोलावण्यावरून, अमुक कामाला गेला, एवढ्या एका ओळीची.

या ओळीवर किती गोष्टी अडतात ते पाहा. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांनुसार मृताच्या वारसांना ४ लाख रुपये मिळतात आणि मदतकार्यात किंवा पूर्वतयारीत असताना मृत्यू आलेल्यांचाही त्यात स्पष्ट समावेश आहे. जखमी होऊन आठवड्याहून जास्त रुग्णालयात राहावं लागलं तर १६,००० रुपये, त्याहून कमी दिवसांसाठी ५,४००. अट एवढीच की मृत्यूचं कारण सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित करायचं. स्वयंसेवक पुरात वाहून गेला तर पूरबळी म्हणून त्याच्या घरच्यांना मदत मिळेलच. घोळ होतो तो वेगळ्या मृत्यूंत: प्रेत वर काढताना दोरावरून पडला, चढणीवर छातीत कळ आली, झाड तोडताना वरची अडकलेली फांदी डोक्यात आली, चिखल काढून पंधरा दिवसांनी लेप्टोने (दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाने) गेला. अशा वेळी तो तिथे गेलाच का, हे कागदावर कुठेच नसतं. तहसीलच्या नियंत्रण कक्षातून फोन गेलेला असतो, पण नाव लिहिलेलं नसतं. पंचनाम्यात ‘पाय घसरून पडल्याने’ एवढंच येतं. मग तलाठ्याने तरी कशाच्या आधारावर लिहून द्यायचं?

दुसरी गोष्ट संरक्षणाची. याच कायद्याचं कलम ७३ सद्भावनेने केलेल्या कामाबद्दल दाव्यांपासून आणि खटल्यांपासून संरक्षण देतं आणि ते प्राधिकरणाच्या वतीने काम करणाऱ्या कुणालाही लागू आहे. पण तुम्ही ‘वतीने’ काम करत होतात हे दाखवणार कशाने? महामार्गावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ चं संरक्षण आहे. तो नाव सांगायलाही बांधील नाही. समुद्रात बुडणाऱ्याला बाहेर काढणाऱ्याला, खाडीतून मृतदेह आणून देणाऱ्याला ते कलम लागत नाही, कारण ते फक्त मोटार अपघातांपुरतं आहे. त्यामुळे किनाऱ्यावरच्या बचावात जबाब, पंच म्हणून सह्या, पुढे तारखा हे सगळं मदत करणाऱ्याच्या वाट्याला येतं.

तिसरी होडीचीच. कलम ६५ ला लेखी आदेश लागतो. ‘अहो, जरा होडी घेऊन या’ हा फोन म्हणजे आदेश नव्हे आणि त्यावर भरपाई उभी राहत नाही. संकट टळल्यावर मागच्या तारखेचा आदेश कुणी काढून देत नाही, आणि देऊही नये.

मग नोंद कशी ठेवायची? तालुक्याला एक वही. नाव, वय, रक्तगट, घरचा फोन, येणारं काम (पोहणं, इंजिन चालवणं, दोरकाम, प्रथमोपचार, स्वयंपाक, करवत), असल्यास होडीचा नोंदणी क्रमांक आणि विम्याची स्थिती. मे महिन्यात प्रत्येक नंबरावर फोन लावून ती पडताळायची, कारण यादी बिघडते ती इथेच: निम्मी मुलं मुंबईला किंवा आखातात गेलेली असतात आणि क्रमांक बदललेले असतात. प्रत्यक्ष कामाच्या दिवशी पथकातल्या एकाने काठावरच थांबायचं. त्याने पाण्यात उतरायचं नाही, दोर धरायचा नाही. कोण कधी गेलं, कधी परत आलं हे लिहायचं आणि निघतानाच जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर कळवून फोन घेणाऱ्याचं नाव व वेळ टिपायची. पोलीस असतील तर ठाण्याच्या डायरीत पथकाचा उल्लेख करून घ्यायचा. चांगला पोहणारा काठावर बसायला तयार होत नाही, म्हणून हे काम आधीच ठरलेल्या माणसाकडे द्यावं.

विम्याचंही असंच. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वयाच्या बँक खातेदाराला वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी २ लाखांचं आणि कायमच्या अंशतः अपंगत्वासाठी १ लाखाचं संरक्षण मिळतं. शंभर जणांच्या पथकाला हा खर्च २,००० रुपये. योजनेचं वर्ष १ जून ते ३१ मे. मेअखेरीस खात्यात शिल्लक नसली की हप्ता कापला जात नाही आणि नेमका पावसाळा सुरू होताना विमा तुटतो. खातेदाराला हे कळतही नाही. शिवाय यात रुग्णालयाचा खर्च नाही. त्यासाठी समूह अपघात विमा घ्यावा लागतो आणि तो घेताना वगळलेल्या बाबींचं पान आधी वाचावं. गिर्यारोहण, धोकादायक साहस असे शब्द तिथे असतील तर दोरावरचा बचाव त्या पॉलिसीत बसणार नाही. विमा कंपनीकडून लेखी खुलासा मागण्याचं हे काम एकट्या स्वयंसेवकाला जमणारं नाही. प्रतिनिधी हवा तो अशाच ठिकाणी.

शासनाने काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. आपदा मित्र योजना २०१६ मध्ये ३० जिल्ह्यांत ६,००० स्वयंसेवकांपासून सुरू झाली आणि पुढे ३५० जिल्ह्यांत १ लाखापर्यंत वाढवण्यात आली. १२ दिवसांचं प्रशिक्षण, ओळखपत्र, साहित्याचा संच, ३ वर्षांचा विमा. रचना चांगली आहे. पण तीन वर्षांनंतर काय, उजळणी कधी, घरी दिलेल्या संचातला दोर उन्हाने कुजला तर बदलून कोण देणार, हे प्रश्न ज्या बैठकीत विचारायचे तिथे आपदा मित्रांपैकी कुणी बसत नाही. जिल्हा प्राधिकरणात अध्यक्षांखेरीज जास्तीत जास्त ७ सदस्य असतात आणि ते सारे पदसिद्ध किंवा अधिकारी. स्वयंसेवकाला खुर्ची नाही.

आता कुणी बोलायचं ते पाहू. सर्वांत आधी नाव येतं संस्थेच्या किंवा पथकाच्या प्रमुखाचं. त्याचं योगदान कमी लेखायचं नाही, पण तो स्वयंसेवकांचा प्रतिनिधी होऊ शकत नाही. पथक किती वेळा धावलं यावर संस्थेचं नाव आणि देणग्या ठरतात. स्वयंसेवकाची विश्रांती, विमा, नवं जॅकेट हा संस्थेच्या वहीत खर्च असतो. सलग सोळा तास काम झाल्यावर ‘आता बास’ म्हणायचं असेल, तर ते पाठवणाऱ्यालाच सांगायचं आहे. तोच तुमचा वकील कसा असेल?

मुंबईचं मंडळ, म्हणजे तिथे राहणाऱ्या गावकऱ्यांची संघटना, हा कोकणातला दुसरा नैसर्गिक उमेदवार. मंडळांकडे पैसा असतो, मंत्रालयात ओळख असते आणि गावाची ओढ तर खरीच असते. २०२१ च्या पुरानंतर चाकरमान्यांनी रात्रीत गाड्या भरून पाठवल्या. पण महामार्गालगतच्या गावांत कपड्यांचे ढीग साचले आणि आतल्या वाड्यांत फिनेल, फावडी, गमबूट पोचायला वेळ लागला, कारण काय पाठवायचं हे लांबून ठरत होतं. मंडळाने पाठीशी राहावं, निधी द्यावा, मंत्रालयातला पाठपुरावा करावा. मागण्या मात्र पाण्यात उतरणाऱ्यांनी ठरवाव्यात. राजकीय पक्षांबद्दल लांबण लावायची गरज नाही. मदतीच्या पाकिटावर फोटो लागला की पलीकडच्या आळीतला स्वयंसेवक घरी बसतो, हे सगळ्यांना माहीत आहे.

कामगार संघटना? तिचा कायदा कामगारांसाठी आहे. मोबदला न घेता धावून जाणारा त्यात सहज बसत नाही.

म्हणून उरतो एकच मार्ग: काम करणाऱ्यांनी आपल्यातून निवडलेला माणूस. जर्मनीच्या टेक्निशेस हिल्फ्सवेर्क या बहुतांश स्वयंसेवकांवर चालणाऱ्या सरकारी बचाव यंत्रणेत स्थानिक प्रमुखाशिवाय स्वयंसेवकांनी निवडलेला एक प्रवक्ता असतो. हुकूम देणारा वेगळा, स्वयंसेवकांचं गाऱ्हाणं मांडणारा वेगळा. त्या देशात अपघातप्रसंगी धावून जाणारा साधा नागरिकही कायद्याने अपघात विम्याच्या छत्राखाली येतो. आपल्याकडे हे सगळं उद्या होणार नाही. पण प्रमुख आणि प्रतिनिधी ही दोन कामं वेगळी करायला कुठल्या नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

आहे त्या कायद्यात एक जागाही आहे. कलम २८ नुसार जिल्हा प्राधिकरण सल्लागार समित्या नेमू शकतं. प्रत्येक तालुक्यातून निवडून आलेल्या स्वयंसेवक प्रतिनिधींची अशी एक समिती नेमावी आणि तिला मान्सूनपूर्व आढावा बैठकीचं निमंत्रण असावं. तालुक्याला पाच प्रतिनिधी पुरेत. त्यांत किमान दोन स्त्रिया आणि खाडी-किनाऱ्याच्या तालुक्यात किमान एक होडीवाला. मुदत दोन वर्षं, लागोपाठ दोनदाच. पक्षाचा पदाधिकारी, संस्थेचा विश्वस्त, साहित्य पुरवणारा दुकानदार चालणार नाही. सभा भाताची झोडणी आटोपल्यावर आणि शिमग्याच्या आधी घ्यावी. पावसात लोक मोकळे नसतात आणि मे महिन्यात गाव पाहुण्यांनी भरलेलं असतं.

मत कुणाला, हा कळीचा मुद्दा. वर्गणी भरणाऱ्याला मत दिलं की निवडणुकीआधी पावत्या फाडल्या जातात. मत त्याला, ज्याच्या नावावर मागच्या दोन वर्षांत कामाच्या किमान दोन नोंदी आहेत. आणि नोंद म्हणजे फक्त पाण्यातली नव्हे. पूरग्रस्तांसाठी शाळेत पाचशे माणसांचा भात-आमटी शिजवणाऱ्या बचत गटाच्या बायका, घराघरातला गाळ उपसणारे, रुग्णालयात सोबत करणारे, मृतदेहांची ओळख पटवायला नातेवाइकांबरोबर थांबणारे, सगळे मोजले गेले पाहिजेत. आज यादीत नावं येतात ती दोर आणि होडीवाल्यांची. बायकांच्या कामाची नोंद ‘सहकार्य’ या एका शब्दात संपते.

जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला एक रास्त शंका असेल: दोन गट दोन याद्या घेऊन आले तर कुणाला मानायचं? याद्यांपेक्षा नियंत्रण कक्षाची नोंद पाहावी. ज्या नावांची तिथे नोंद जुळते ते मतदार, मग ते कुठल्याही पथकाचे असोत. यामुळे आपोआप दोन्ही गटांना फोन करून नोंद देण्याची सवय लागेल.

संस्था नोंदवण्याची घाई मात्र करू नये. पैसा हाताळायचा नसेल तर सभेचं इतिवृत्त आणि नोंदवही एवढं पुरतं. निधी येऊ लागला की सात जणांनी १८६० च्या कायद्याखाली संस्था आणि १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली न्यास अशी नोंदणी करावी. इथे हमखास चुकतं ते बदल अर्जात. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तो राहिला की कागदावर जुनीच माणसं राहतात, बँक नव्यांच्या सह्या घेत नाही, आणि काही वर्षांनी खरी कार्यकारिणी कोणती यावरच वाद सुरू होतो. लेखापरीक्षणही दरवर्षी लागतं. हे सांभाळणारा एक चिकट माणूस नसेल तर नोंदणी गळ्यात पडते.

प्रतिनिधीने बैठकीत मांडायचं काय? मोठ्या घोषणा नकोत. तहसीलच्या गोदामातली जॅकेटं मोजून, पट्टे ओढून पाहिली का? फेकण्याचा दोर तरंगणारा पॉलीप्रॉपिलीनचा आहे की बुडणारा नायलॉनचा? बोटीचं इंजिन खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने धुतलं होतं का, की थंड पाण्याच्या वाटेत मीठ धरून ते पहिल्याच फेरीत तापणार? टाकीत मागच्या वर्षीचं पेट्रोल तसंच राहिलं असेल तर कार्ब्युरेटर चिकटतो. २५ अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण वेगात तासाला साधारण नऊ-दहा लिटर पेट्रोल पितं. रात्री कॅनमध्ये सुटं पेट्रोल द्यायला पंपवाला नकार देतो, तेव्हा तहसीलदारांचं पत्र आधीच पंपावर हवं. गाळ काढणाऱ्यांना गमबूट आणि हातमोजे आहेत का, आणि लेप्टोसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन देण्याची सोय प्राथमिक आरोग्य केंद्राने कामाआधी केली आहे का? ताप आल्यावर गोळी शोधणं उशिराचं असतं. आणि नकाराचा हक्क: अंधारात, भरतीच्या वेळी, जॅकेट नसताना पाण्यात न उतरणाऱ्याला भित्रा ठरवलं जाणार नाही, हे अधिकाऱ्याच्या तोंडून बैठकीत वदवून घ्यावं. कायद्याच्या कलम ५१ मध्ये निर्देश न पाळल्याबद्दल शिक्षेची तरतूद आहे. ती स्वयंसेवकावर दाखवायची नाही, हेही तिथेच ठरावं.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो टाळला तर बाकीचं सगळं उलटं फिरतं. प्रतिनिधित्वाचा उपयोग फुकट मजुरीचं व्यवस्थापन सुधारण्यासाठी होऊ नये. आशा सेविकांचं उदाहरण समोर आहे. २००५ पासूनच्या त्या योजनेत त्यांना मानद स्वयंसेविका म्हटलं गेलं आणि कामाच्या बाबींनुसार मोबदला दिला गेला. काम मात्र रोजचं, ठरवून दिलेलं, नोंदी आणि उद्दिष्टांनी बांधलेलं. मोबदला वाढला तो त्यांनी संघटना करून, संप करून, मुंबईत आझाद मैदानावर बसून. गृहरक्षकांच्या (होमगार्डच्या) बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये त्यांना कायम करायला नकार दिला, पण महिनाभराचा कर्तव्यभत्ता पोलिसाच्या किमान वेतनाइतका व्हावा असं सांगितलं. २०२२ मध्ये अंगणवाडी सेविकांना उपदानाचा (ग्रॅच्युइटीचा) कायदा लागू असल्याचा निर्णय झाला. म्हणजे ‘मानद’ या पाटीखाली नोकरीच चालू आहे, हे दाखवून द्यायला दर वेळी संघटना किंवा न्यायालयच लागलं.

कोकणच्या किनाऱ्यावर अशी दोन कामं तरी आज वाढत आहेत. गणपतीपुळे, काशीद, हरिहरेश्वरसारख्या ठिकाणी सुट्टीच्या दिवशी पर्यटकांवर नजर ठेवणारा जीवरक्षक आणि ऑलिव्ह रिडलेच्या विणीत किनारा पालथा घालणारा कासवमित्र. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून हे काम उभं केलं, पुढे वन विभाग त्यात आला आणि मानधन सुरू झालं, हे योग्यच झालं. पहाटे किनाऱ्याची फेरी, घरटं सापडलं की अंडी त्याच खोलीच्या खड्ड्यात हॅचरीत हलवणं, मग दीड-दोन महिने पिल्लांची वाट पाहत पहारा, आणि हे सगळं हंगामभर, एकही दिवस न चुकवता. अशा कामाला वेळापत्रक असतं, खाडा चालत नाही आणि चूक झाली तर जबाबदारी येते. ही नोकरीची लक्षणं आहेत.

म्हणून तालुक्याच्या प्रतिनिधींनी दरवर्षी एक वेगळी यादी करावी: आपण फुकट करतो त्यातलं कोणतं काम आता रोजचं झालं आहे. एका हंगामात ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी वीसहून जास्त दिवस कुणाला उभं राहावं लागलं, तर ते काम त्या यादीत जावं. हा आकडा माझा आहे. तालुक्याने आपला ठरवावा. यादी ग्रामसभेत मांडावी, ठराव घ्यावा, ग्रामपंचायत, वन विभाग किंवा पर्यटनाचं उत्पन्न घेणाऱ्या यंत्रणेकडे पगाराच्या पदाची लेखी मागणी करावी आणि पद मंजूर होईपर्यंत पुढच्या हंगामात त्या जागेवर बिनपगारी माणूस पाठवणार नाही, हे मे महिन्याच्या बैठकीतच कळवून टाकावं.